सयाजी हवालदाराची तपासणी

पलूसचा सयाजी हवालदार पलटणीतून पेन्शनीवर आला त्याला सहा वर्षं झाली होती. चौऱ्याहत्तरच्या माघात उसाच्या फडात मोळी उचलताना त्याला रक्ताची उलटी झाली आणि बायको लीलाबाईनं त्याला मोठ्या दवाखान्यात आणलं. यकृत आक्रसून कठीण झालंय, त्यातून रक्त पुढं सरकत नाही, म्हणून अन्ननळीतल्या शिरा फुगून फुटतात, असं डॉक्टर हेर्लेकरांनी सांगितलं. मग विचारलं, "दारू?"

"न्हाई," सयाजी म्हणाला.

"थेंबाला शिवत न्हाईत," लीलाबाईनं पुस्ती जोडली.

याच गोष्टीवरून तिनं कोयनानगरच्या नणंदेशी, भामाबाईशी, तीन वर्षं बोलणं टाकलं होतं. दादा विहिरीवरच्या मोटारीच्या खोपीत बसून पितो, असं भामाबाई एका लग्नात चार बायकांत बोलून गेली होती. सयाजीला ठाऊक होतं, ती खरं बोलली होती. पलटणीतली सवय त्यानं गावी आणली होती.

दोन दिवसांनी त्याला एक्सरेच्या टेबलावर निजवलं. डॉक्टरांनी कोपरापाशी शीर उघडून एक लांब, बारीक नळी आत सरकवली आणि पडद्यावर बघत बघत ती यकृताच्या शिरेत नेली. सयाजी जागाच होता. दुखत नव्हतं, छातीत मासोळी फिरल्यागत तेवढं वाटलं. नळीचं बाहेरचं टोक उभ्या काचनळीला जोडलं होतं, तिला शेजारी पट्टी होती. काचेतलं पाणी नऊ सेंटीमीटरवर थांबलं.

"आता नळी पुढं सारून शीर बंद करतो," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे यकृतातला दाब कळेल."

पाणी चढू लागलं. वीस झाले, अठ्ठावीस झाले, आणि पस्तिसापाशी ते श्वासाबरोबर खालीवर हलत राहिलं. सयाजी मान वळवून बघत होता.

"लय हाय का सायेब?"

"फार आहे."

दुपारी डॉक्टर खाटेपाशी आले. "दारूनं झालं असतं तर ती सोडून वर्षभर थांबता आलं असतं. सोडल्यावर पुष्कळांचा दाब उतरतो. तुम्ही पीतच नाही, तेव्हा थांबून उपयोग नाही. ऑपरेशन करू, पण त्यात जिवाला धोका आहे."

त्यांनी कागद पुढं केला. लीलाबाईनं अंगठा द्यायला हात पदराला पुसला.

"थांब," सयाजी म्हणाला. "सायेब, मी पितो. रोज. भामी म्हणाली ते खरं हाय."

लीलाबाई उठून व्हरांड्यात गेली. संध्याकाळी डॉक्टर फेरीला आले तेव्हाच ती आत आली. "पुन्यांदा कवा मोजायचं?" तिनं त्यांना विचारलं.

"वर्षानं. तोवर थेंब नाही."

डॉक्टर गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "मला चारचौघात खोटं पाडलंसा."

"व्हय," सयाजी म्हणाला.

गावी परतल्यावर चौथ्या दिवशी ती एसटीनं एकटीच कोयनानगरला गेली आणि येताना भामाबाईला घेऊन आली. दोघी चार दिवस सोप्यात शेंगा फोडत बसल्या. सयाजीनं बाटलीला हात लावला नाही. पहिले दोन महिने त्याचे हात कापायचे. तो उसाला पाणी पाजायला पहाटेच जायचा आणि दिवस मावळायच्या आत घरी यायचा.

वर्षानं परत नळी घातली तेव्हा पाणी पंचविसावर थांबलं. अजून जास्तच होतं, पण डॉक्टरांनी ऑपरेशनचा कागद काढला नाही.

बाहेर लीलाबाई बाकावर बसली होती. सयाजीनं तिला आकडा सांगितला.

"म्हंजे धा उतरलं," ती म्हणाली. "चला, पलूसची गाडी सुटंल."