बाणाशिवाय सुटलेली दोरी

माझ्या बापाने रागाच्या भरात कधी कुणाचं काही बिघडवलं नाही. ते बिघडवतात ते सगळं प्रेमापोटी, आणि तेही असं, की तुम्हाला धड ओरडताही येऊ नये. मी तरी ओरडलेच.

शुक्रवारची सकाळ होती. आलापल्लीला वनविभागाच्या क्वार्टरमध्ये मी एकटीच राहते, पण त्या आठवड्यात बाबा गावाहून आले होते. रविवारी चंद्रपूरला राज्याच्या तिरंदाजी संघाची निवडचाचणी होती, आणि मुलगी बाण मारणार तर बापाने बघायला नको का, असं त्यांचं म्हणणं. मी चहाला आधण ठेवलं होतं. एवढ्यात मागच्या अंगणातून आवाज आला. थाड!

मी वनरक्षक आहे. दहा वर्षांत फांदी मोडल्याचा, सागवान पडल्याचा, फटाक्याचा असे सगळे आवाज कानाला ओळखीचे झालेत. हा कधी ऐकला नव्हता. मी आधण तसंच टाकून मागे धावले.

अंगणात बाबा उभे होते. त्यांच्या हातात माझं कम्पाउंड धनुष्य होतं, आणि त्याची दोरी एका टोकाने निसटून लोंबकळत होती. पायाशी उदबत्ती, हळदकुंकू आणि फोडलेला नारळ.

"बाबा! काय केलं तुमी?"

"काई नाई वं. दोरी वाजवली."

काय झालं ते मला एका क्षणात कळलं. आम्ही ढिवर. तळ्याच्या काठाला उभं राहून बांबूच्या धनुष्याने मासा टिपणारं आमचं घर. नवं धनुष्य घरात आलं की वडीलधाऱ्याने ते पुजायचं, आणि बाण न लावता दोरी पुरी ओढून तीनदा सोडायची, ही आमच्या घरची रीत. आणि हे धनुष्य बाबा पहिल्यांदाच बघत होते. दोरी खणखणीत वाजली की धनुष्य घराला मानवलं. बांबूचं धनुष्य हे सहन करतं. कम्पाउंडला दोन्ही टोकांना चाकं असतात, त्यांवरून तारा जातात, आणि सगळा जोर वरच्या-खालच्या दोन पात्यांत कोंडलेला असतो. तो जोर बाणाने घेऊन जायचा. बाणच नसला तर तो पात्यांत परत शिरतो आणि पाती फुटतात. रिकामी दोरी सोडू नये, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात.

"अक्कल हाय का नाई तुमाले?" मी अशी ओरडले की शेजारच्या क्वार्टरची खिडकी उघडली. "परवा माही चाचणी हाय! सरचं धनुष्य हाय हे, तीस वर्सांचं! याचे पार्ट कुठी भेटतेत आता? हात लावाले कोनं सांगतलं होतं?"

"तीनदा वाजवाचं होतं," बाबा हळूच म्हणाले. "एकदातच झालं."

मी धनुष्य त्यांच्या हातातून हिसकावून घेतलं.

हे धनुष्य धनराज सरांचं. सर शाळेत पीटी शिकवायचे, आता गडचांदूरला निवांत असतात. मैदानावर पोरं या धनुष्याला 'आजोबा' म्हणतात. नव्या धनुष्यात दोरी पुरी ओढली की हातात पाव वजन उरतं, आजोबांत निम्मं उरतं. बाण जातो तोही सावकाश, जसा काही बाजाराला निघालाय. पण तीन महिन्यांत माझा आणि त्याचा जम बसला होता. सरांनी ते देताना एवढंच म्हटलं होतं, "सांभाळून वापर." मैत्रिणीचं नवं धनुष्य मागून आणता आलं असतं, पण दुसऱ्याच्या मापाचं धनुष्य दोन दिवसांत अंगवळणी पडत नाही. हे फुटलं असेल तर माझा रविवार संपला, आणि वर सरांना तोंड कसं दाखवायचं?

तरी फोन केला. एका दमात सगळं सांगितलं: दोरी निसटली, चाक जागेवर आहे, तार तुटलेली दिसत नाही, पात्याचं माहीत नाही, सर, माझं चुकलं.

सर म्हणाले, "थांब. तुह्या बाबाचे, देवाजीभाऊचे डोये पायले का?"

"आं?"

"अवं, पातं फुटलं का कपच्या उडतेत. तोंडाजवळच असते पातं. भाऊच्या डोयात नाई ना गेलं काई? आधी पाय. मी धरून राह्यलो फोन."

मी मागे वळले. बाबा अंगणातल्या दगडावर बसले होते आणि नारळाचे तुकडे गोळा करत होते. त्यांच्याकडे मी एकदाही धड पाहिलं नव्हतं. जवळ जाऊन मी त्यांची हनुवटी वर केली. डावा डोळा, उजवा डोळा. गालावर ओरखडा नाही. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला दोरीचा लाल वळ तेवढा उठला होता.

"झोंबते का?"

"नाई. तू आधी तुहं धनुष्य पाय."

"मरू दे धनुष्य," मी म्हणाले, आणि त्या क्षणाला ते अगदी खरं होतं. पूजेतली हळद त्यांच्या वळावर लावली. एक मोठा श्वास आपोआप सुटला. सकाळपासूनचा तो पहिलाच असावा.

"ठीक हायत सर. हाताले वळ आला फक्त."

"मंग झालं. आता कापूस आण."

पातं तडकलंय का ते नुसत्या डोळ्याने दिसत नाही. कापसाचा बोळा पात्यावरून हलकेच फिरवायचा, तडा असेल तर तंतू अडकतो. मी फोन स्पीकरवर ठेवला. खालचं पातं बाहेरून, आतून, कडेने फिरवलं. कापूस सरसर गेला. वरचं पातं बाहेरून, तेही साफ. वरचं आतून फिरवताना कापूस अडला. एक बारीक पांढरा तंतू काळ्या रंगाला धरून बसला.

"अडला सर," मी म्हणाले. बाबा दगडावरून उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"कुठी?"

"चाकापासून चार बोटं खाली. आतल्या अंगाले."

मी बोट त्याच जागेवर धरून ठेवलं.

"सर?"

"टॉर्च मार तिथी," ते एकदम दबक्या आवाजात म्हणाले. "काई लिहेल दिसते का?"

मी मोबाइलचा उजेड तिरपा धरला. रंगावर कसल्याशा टोकदार वस्तूने खरवडलं होतं. वाकडंतिकडं, शाळेच्या बाकावर पोरं कर्कटकाने खरवडतात तसं.

"'रु' लिहेल हाय सर."

"हां. तडा नोहे तो. माह्याच हातचं काम हाय. रंगावरच हाय, पात्याले नाई लागलं. लग्न नवीन होतं तवा, सोड ते."

फोनमध्ये सरांच्या मागून बाईंचा आवाज आला. सरांच्या बायकोचं नाव रुखमा. "कोनाचं काय लिहेल हाय मनते ते?"

"काई नाई. तू जा, वांगे जळून राह्यले."

"रु म्हंजे कोन?"

"तू नाई त कोन? दुसरी कोन रु हाय माही?"

"तीस वर्सं झाले," बाई म्हणाल्या, "अन् मले आता मालूम पडून राह्यलं. तेही आलापल्लीच्या फोनवर."

आधी बाबा हसले. मग मी हसायला लागले, ते थांबेचना. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आजोबा फुटले नव्हते. पातं शाबूत होतं, बाप शाबूत होता.

पुढचं काम सरांनी सांगितलं तसं केलं. दोन्ही पात्यांचे बोल्ट सारखे फेरे मोजून ढिले केले. बाबांनी धनुष्य गुडघ्यावर घेऊन वाकवलं. त्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. मी दोरीचं टोक तारेच्या आकड्यात बसवलं. मग बोल्ट परत आवळले, पण सरांच्या सांगण्यावरून दोन फेरे कमीच.

"आता एक बाण मारून पाय," सर म्हणाले. "जवळूनच. अन् आजूबाजूले कोनी नको."

मी मोटारसायकलचा गॉगल लावला. तणसाच्या पेंढ्यांचं माझं टार्गेट अंगणाच्या टोकाला, दहा पावलांवर होतं.

"बाबा, भिंतीमागं जा."

"मी इथीच उभा राह्यतो. मी बिघडवलं, मीच ओढतो ना पयले."

"काई गरज नाई. तुमी जात नाई तवर मी ओढत नाई."

ते पुटपुटत न्हाणीघराच्या भिंतीमागे गेले. टक्कल तेवढं दिसत राहिलं.

बाण लावला. ओढायला लागले, हळू, एकेक बोट. कान पात्याकडे लावले होते. कुरकुर नाही. चाकं फिरली, वजन हातात निम्मं झालं, आणि आजोबा नेहमीसारखे स्थिर झाले. मी डोळे मिटले, जे कुठल्याही तिरंदाजाने कधीही करू नये, आणि सोडलं.

'फट्' असा साधा, भरीव आवाज झाला.

"लागला का?" भिंतीमागून बाबा.

"लागला का वं?" फोनमधून रुखमाबाई.

"लागला!" मी ओरडले.

लागला होता टार्गेटच्या दोन हात बाजूला, शेजाऱ्यांच्या सरपणाच्या ढिगात. इतका वाईट बाण मी शिकत होते तेव्हाही मारला नव्हता. मी तो उपटायला गेले, तर तो लाकडातून निघेचना. बाबा भिंतीमागून येऊन माझ्या बाजूला उभे राहिले. शेवटी आम्ही दोघांनी मिळून ओढला.