आमी, तुमी, नाय

"परका माणूस एकदा का आपल्या दवाखान्यात शिरला, की देश संपला म्हणून समजा!"

आंबेघोळच्या आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावरून मनोजनं हे जाहीर केलं, तेव्हा तो एका हातानं कंबर चोळत होता. 'परकीयांना येथे उपचार मिळणार नाहीत' ही पाटी दारावर ठोकताना गंजका खिळा त्याच्या अंगठ्यात घुसला होता आणि आतल्या सिस्टर रश्मीनं त्याला नुकतंच धनुर्वाताचं इंजेक्शन टोचलं होतं. देश वाचला, पण मनोजला दोन दिवस बसता येईना.

मनोज आमच्या परकीय शोध समितीचा अध्यक्ष. समिती स्थापन झाली तेव्हा गावात परकीय कोण, हा प्रश्न आला. शहापूरची माणसं आम्हाला परकीच वाटतात, पण त्यांना बीपीच्या गोळ्या द्यायला आमची कधी हरकत नव्हती. मग कुणीतरी शेफालीचं नाव घेतलं आणि सगळ्यांना हायसं वाटलं. समितीला काम मिळालं.

शेफाली मुरबाड रस्त्यावरच्या एका फार्महाऊसवर कामाला होती. ती खरोखरच बांगलादेशातली. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर शेवटी ती मुर्शिदाबादची, म्हणजे आपल्याच बंगालमधली निघाली, सगळ्यांचे डोळे पाणावले, असा काहीतरी समारोप होईल अशी वाचकाला आशा लागून राहते. तसं काही होणार नाही. लहानपणी मामाबरोबर सीमा ओलांडून आली, तिच्याकडे कागद नव्हते आणि आता तिला आठवा महिना होता.

फार्महाऊसच्या मालकीणबाई म्हणजे रेडिओवर बातम्या देऊन निवृत्त झालेल्या. माळ्यापासून मांजरापर्यंत सगळ्यांचे उच्चार त्या सुधारत. "'नाय' नव्हे, 'नाही'. 'पानी' नव्हे, 'पाणी'. 'ण' टाळूला लाव." माळी पळाला. शेफाली राहिली, आणि इतक्या वर्षांत तिचं मराठी असं झालं, की तिनं भाजी आणायला पैसे मागितले तरी पुढे हवामानाचा अंदाज येईल असं वाटे. बाई सध्या अमेरिकेत लेकीकडे असतात. दाढ दुखते, पण दवाखान्यात जात नाहीत. तिथं परक्या माणसाला परवडत नाही म्हणतात.

शेफालीचे पाय गुडघ्यापर्यंत सुजले होते. बीपी वर गेलं होतं. रश्मीनं तिला बजावलं होतं, "डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढं काजवे चमकले, तर एक मिनिट थांबायचं नाही. सरळ मुरबाडला. नाहीतर झटका येईल आणि तू पण जाशील, बाळ पण."

"मुरबाडला नाव विचारतील," शेफाली म्हणाली होती.

नाव विचारलं की काय होतं, ते तिनं पाहिलं होतं. शेफालीचा नवरा मिजान स्लॅबवरून पडला होता, तेव्हा त्याला हात मोडला म्हणून शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. परका माणूस दाखल झाला की वर कळवायचं, असा कायदा आहे. त्यांनी कळवलं. मिजानला प्लॅस्टरच्या खोलीतूनच उचललं. प्लॅस्टर ओलं होतं. पुढे ते कुठल्या सीमेवर वाळलं, हे शेफालीला अजून कळलेलं नाही.

त्यातून मनोजची पाटी लागली आणि ती उपकेंद्रातही येईनाशी झाली. आधी यायची तेव्हाही आमच्या बायकांनी तिचं स्वागत केलं होतं अशातला भाग नाही. "आली बघ ढाकेवाली," असं म्हणून बाक भरून बसायच्या. मनोजची आई भागीरथी तर तिच्या तोंडावर सांगायची, "रांगंत माज्या म्होरं उबी राऊ नको गो. इट्टाळ बिट्टाळ नाय, पन तुजं तोंड बगवत नाय." भागीरथीच्या स्वभावात लपवाछपवी कधीच नव्हती.

आता परकीय ओळखायचा कसा? आधार कार्डावर मनोजचा भरवसा नव्हता. "आधार नकली निघतं, जीभ नकली निघत नाही," असं त्यानं पत्रकावर छापून घेतलं, आणि गावातली सगळी आधार कार्डं तपासणीसाठी गोळा करून कपाटात कुलूपबंद केली. पत्रकात परक्याच्या तीन खुणा दिल्या होत्या. परका माणूस 'आमी' म्हणतो, 'तुमी' म्हणतो, आणि 'नाही' म्हणायच्या जागी 'नाय' म्हणतो. ही माहिती मनोजला मोबाइलवर आली होती. ती गावात वाचून दाखवली तेव्हा बारकू म्हणाला, "आमी तर असलं बोलनारा मानूस बगितलाच नाय." सगळ्यांनी माना डोलावल्या.

पत्रक वर गेलं, वरच्यांना आवडलं, आणि मनोजचा ठाण्याला सत्कार ठरला. तो शाल घ्यायला गेला त्याच सकाळी तालुक्याहून तपास पथक आमच्याकडे आलं. पथकात डोंबिवलीचा एक तरुण भाषातज्ज्ञ होता आणि हवालदार साईनाथ. साईनाथ कसाऱ्याकडचा. खुणांचं पत्रक वाचल्यापासून त्यानं तोंड उघडलेलं नव्हतं.

भाषातज्ज्ञानं उपकेंद्राच्या दारात खुर्ची टाकली. रांगेत पहिली भागीरथी. तिच्या बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या.

"आजी, कुठे राहता आपण?"

"आमी? आमी हितंच ऱ्हातो. तुमी कोन?"

भाषातज्ज्ञानं साईनाथकडे पाहिलं. साईनाथनं आभाळाकडे पाहिलं.

"आधार कार्ड आहे?"

"नाय."

तिसरी खूण. भाषातज्ज्ञ खुर्चीतून उठलाच. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात इतका शुद्ध नमुना सापडेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"ओ साहेब," मागून बारकू पुढं आला, "ही आमची भागीरथी मावशी. आमी वळकतो हिला."

"आमी?" भाषातज्ज्ञानं पेन उघडलं.

बारकू एक पाऊल मागं सरकला. "नहीं नहीं साहब. हम तो इसको पहचानता भी नहीं."

त्यानंतर पाच मिनिटांत सगळी रांग हिंदी बोलायला लागली. मुरबाडच्या बाजारातली, जीपमधली, सिनेमातली, ज्याला जशी येईल तशी. काशी तर नुसतीच "जी हाँ, जी हाँ" म्हणत होती. भागीरथीला एकटीलाच हिंदी येत नव्हती. तिनं कमरेवर हात ठेवले आणि भाषातज्ज्ञाच्या आईचा, तिच्या आईचा आणि त्या दोघींच्या अन्नपाण्याचा उद्धार करणारं एक लांबलचक वाक्य खास आमच्याकडच्या बोलीत ऐकवलं.

"काय म्हणतायत या?" भाषातज्ज्ञानं विचारलं. "कोणाला यांची भाषा कळते का?"

कोणालाच कळत नव्हती.

"त्या म्हणत आहेत," रांगेच्या टोकाकडून आवाज आला, "की त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही याच तालुक्यातलं आहे. आणि वडीलधाऱ्यांशी बोलण्याची रीत आपल्या मातोश्रींनी आपणास शिकवलेली दिसत नाही."

शेफाली भिंतीला धरून उभी होती. सकाळपासून तिचं डोकं ठणकत होतं आणि डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. मुरबाडला जायची हिंमत नव्हती म्हणून ती रश्मीकडे आली होती.

भाषातज्ज्ञाचा चेहरा उजळला. "वा! किती दिवसांनी असा 'ण' ऐकला! ताई, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"पूर्वेकडची."

"म्हणजे विदर्भ?"

"त्याच्याही थोडं पलीकडे."

"वाटलंच मला. गोंदिया!"

आमच्यापैकी प्रत्येकाला ती कोण ते ठाऊक होतं, पण हिंदीत आम्ही कोणालाच ओळखत नव्हतो, आणि मराठीत ते सांगायला तोंडात 'आमी'शिवाय शब्द नव्हता. ओठ घट्ट आवळून आम्ही तिच्याकडे इतक्या रागानं पाहिलं, की भाषातज्ज्ञाला तो आदर वाटला.

"असं करा ताई, तुम्ही दुभाषी म्हणून चला आमच्याबरोबर. ताब्यात घेतलेल्या माणसाचं आधी मुरबाडच्या दवाखान्यात मेडिकल करावं लागतं. तिथे या बाईंचा जबाब तुम्ही समजावून सांगा."

शेफालीनं मान हलवून नकार द्यायला सुरुवात केली, पण रश्मी आतून आली. तिनं शेफालीचं बीपी मोजलं, आकड्याकडे दोनदा पाहिलं आणि भाषातज्ज्ञाला म्हणाली, "न्या यांना. आत्ता न्या. दुसरा दुभाषी मिळणार नाही तुम्हाला. पुढच्या सीटवर बसवा, डावीकडं कलवून."

"का?"

"उच्चार चांगले येतात."

मग शेफालीच्या कानाशी वाकून ती म्हणाली, "तुझं नाव कोणी विचारायच्या आत पोचशील."

जीपमध्ये भागीरथी मागून तणतणत होती. "माजी साक्ष देनारी तू कोन गो? आँ? भायेरची मेली!"

"मग मी गप्प बसू का?" शेफालीनं डोळे मिटूनच विचारलं.

भागीरथीनं जरा विचार केला. "नाय. बोल. पन मी सांगन तसंच बोल. त्याच्या आयशीचं अर्दं खाल्लंस तू मगाशी."

दवाखान्यात डॉक्टरांनी भागीरथीला तपासायला घेतलं. शेफाली शेजारी उभी राहून सांगू लागली, "या म्हणत आहेत की त्यांना दम..." आणि तिथंच तिचं वाक्य तुटलं. डोळे फिरले, जबडा आवळला, अंग ताठ होऊन ती जमिनीवर आदळली आणि थडाथडा उडू लागली. डॉक्टर भागीरथीला सोडून धावले, स्ट्रेचर आलं, सलाईन आलं. दारातल्या कारकुनानं नाव विचारलं, कार्ड विचारलं. भाषातज्ज्ञ त्याच्यावर खेकसला, "अहो, कार्ड कसलं मागता? शासकीय कामावर आहेत त्या! लिहा, दुभाषी, तपास पथक."

कारकुनानं लिहिलं. दुपारी ऑपरेशन करून मुलगी झाली. दोघीही जगल्या. 'मुक्काम' या जागी गोंदिया होतं.

मनोज ठाण्याहून थेट दवाखान्यात आला तो अंगावर शाल घेऊनच. बायकांच्या वॉर्डात एका खाटेवर त्याची आई होती. तिचंही बीपी वर गेल्यामुळे डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं होतं, आणि ताब्यातली म्हणून खाटेशी साईनाथ बसला होता. भाषातज्ज्ञ चहाला गेला होता. शेजारच्या खाटेवर शेफाली.

"ही?" मनोज ओरडला. "हिला कोणी घेतली आत? ओ सिस्टर! ओ डॉक्टर! ही बांगला..."

साईनाथनं उठून त्याच्या तोंडावर हात ठेवला. त्या दिवशीचं पहिलं वाक्य तो बोलला. "गप ऱ्हा रे. तुजी आय हितली हाय असं सांगनारी ही एकच साक्षीदार हाय. ही परकी निगाली तर जबाब खोटा. मंग तुजी आय कुटची?"

"आईचं आधार आहे माझ्या कपाटात!"

"आधार नकली निगतं. तुमच्याच पत्रकावर छापलंय."

मनोजनं शालीची टोकं ओढली. मग शेफालीच्या खाटेशी वाकून दातओठ खात म्हणाला, "ठीक आहे. उद्या आईला सोडतील. सोडलं की पुढच्या मिनिटाला मी जाऊन सांगणार. तुला इथूनच उचलतील, त्या पोरीसकट. समजलं?"

शेफालीनं पोरीवर हात ठेवला. तिच्या अंगात बोलण्याइतकं त्राण नव्हतं, आणि समजलं होतंच.

"मंग आमी सुटत नाय," भागीरथी म्हणाली.

"काय?"

"डाक्टर बोलला, तिला आठवडाभर हलवायची नाय. परत झटका येल. तवर आमी बांगलादेशी."

"आई! तिच्यासाठी? तुला तर तिचं तोंड बघवत नव्हतं!"

"आजून नाय बगवत. पन तू आन् तुजी बायको, घरात माजं बोलनं कोन आयकतं रे? हिनं एकेक शबूद आयकला आन् साहेबाला सांगतला." तिनं कूस बदलली. "आन् हितं पंका हाय."

"गावात मी काय तोंड दाखवू? अध्यक्षाची आई बांगलादेशी? उद्या पेपरवाले येतील!"

"येऊ दे. त्यांना बी 'आमी'च म्हनीन."

मनोजनं साईनाथकडे पाहिलं. साईनाथ पुन्हा मुका झाला होता. आठवडा संपल्यावर काय, हे त्या वॉर्डात कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगता आलं असतं. पाटी दारावर होती, कायदा जागच्या जागी होता, आणि गावात आम्ही सगळे शेफालीची वाट पाहत होतो, सत्काराचे हार घेऊन नव्हे.

मनोज दाराकडे वळला तशी म्हातारीनं त्याला हाक मारली. तो आशेनं परत फिरला.

"आय, चलतेस?"

"नाय रे. जीपवाल्याच्या हाती माजी मिशेरी तेवडी धाडून दे. हितल्या दुकानातली कच्ची हाय."