प्रश्न नवऱ्याला, गोळी बायकोला

आजारी बाई आणि बोलतो नवरा, हे दृश्य आपण दवाखान्यात रोज पाहतो. कुठे दुखतं ते तिला ठाऊक, सांगणार तो. डॉक्टरही त्याच्याकडेच तोंड करून बसतात. हे इतकं अंगवळणी पडलंय, की यात काही चुकतंय असं कुणाला वाटतही नाही.

अपस्मारावरच्या नव्या गोळीची चाचणी घेणाऱ्या संशोधक डॉक्टरबाईंनाही वाटलं नव्हतं. त्यांच्याकडे तर शास्त्रीय कारण होतं. फिट येते तेव्हा रोग्याला शुद्ध नसते. काय झालं ते पाहणाराच सांगणार. म्हणून टेबलासमोरची खुर्ची पाहणाऱ्याची आणि भिंतीकडची रोग्याची. पण फिटबद्दल त्याला विचारता विचारता गोळीच्या त्रासाबद्दलही त्यालाच विचारायची रीत पडून गेली.

त्या दिवशी समोर बसला होता गणिताच्या एका शिक्षिकेचा नवरा. स्वारी खुशीत होती. बायकोच्या फिट थांबल्या होत्या.

"आणि मॅडम, घरात शांतता आली हो. पूर्वी ही एका शब्दाला चार शब्द द्यायची. आता मुकाट ऐकते. माझ्या मित्रालाही द्या थोड्या गोळ्या, त्याच्या बायकोसाठी!"

डॉक्टरबाई हसल्या. हो, हसल्या. आणि 'त्रास नाही' असं लिहायला लागल्या.

"मी गोळ्या बंद करणार आहे," भिंतीकडून आवाज आला.

"अगं, काहीतरी काय बोलतेस?"

"अहो, थांबा जरा. मला आधीच वेळ लागतो."

वेळ खरंच लागत होता. ती मधेच अडायची, ओठ हलायचे, शब्द यायचा नाही. वर्गात फळ्यासमोर 'त्रिज्या' हा शब्द आठवत नाही, म्हणाली. मुलं आधी हसायची, आता कुजबुजतात. मुख्याध्यापिकेनं सांगून टाकलंय, असंच चाललं तर वर्ग काढून घेऊ, कार्यालयात बसा.

"भांडत नाही म्हणून हे खूश आहेत. भांडायला शब्द लागतात, डॉक्टर. ते सापडेपर्यंत ह्यांचं जेवून हात धुऊन होतं."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. गोळी एकदम बंद केली तर फिट उलटतात, जिवावर बेतू शकतं, हे त्यांनी घाईघाईनं सांगितलं. ते मला माहीत आहे, मरायची हौस नाही, पण वर्ग गेला तर मी जगून करू काय, असं तिनं विचारलं. मग डॉक्टरबाईंनी नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं आणि पहिल्यांदाच सगळं तिला विचारलं. ही गोळी हळूहळू कमी करत दुसरं औषध सुरू करायचं ठरलं.

चाचणीतल्या सगळ्याच रोग्यांना पुन्हा विचारायचंही डॉक्टरबाईंनी ठरवलं. विभागप्रमुखांना हे मुळीच रुचलं नाही. निष्कर्ष तयार होते, ते मांडायची परिषद तोंडावर आली होती. एका बाईच्या विसराळूपणासाठी सगळ्यांना पुन्हा बोलवायचं?

"सर, आपण विचारलंच नाही आणि 'नाही' असं लिहिलं. याला निष्कर्ष म्हणत नाहीत. थाप म्हणतात."

परिषदेचं निमंत्रण हुकलं. त्याची पर्वा न करता डॉक्टरबाईंनी एकेका रोग्याला एकटं बसवून विचारलं. कुणाचे हात कापत होते, कुणाची झोप उडाली होती, कितीतरी जणांचे शब्द हरवत होते. गोळी फिट थांबवत होती, हे खरंच होतं. पण तिची किंमत कोण मोजतंय, हे आता पहिल्यांदा कागदावर आलं.

औषध बदलताना शिक्षिकेला एक फिट आली, वर्गातच. नवरा धावत शाळेत गेला. जुनीच गोळी बरी होती, असं तो म्हणून गेला.

"कुणासाठी?" तिनं विचारलं.

पुढच्या तपासणीला तो कुणी न सांगता दाराबाहेरच थांबला. ती अजून वर्गावर आहे.

वाचकहो, आपल्या घरात औषध सुरू झाल्यापासून कुणी गप्प झालं असेल, तर सुटकेचा निःश्वास टाकू नका. जवळ बसा, विचारा, उत्तराला वेळ लागला तर थांबा. ज्यांना त्रास होतोय त्यांनी गोळी मनानं बंद करू नये. डॉक्टरांपुढे स्वतः तोंड उघडावं. त्यांनी विचारलं नाही, तर न विचारता सांगावं. ऐकणं हे त्यांचं काम आहे, उपकार नव्हेत.