बंद दाराचे चाळीस सेकंद

माझ्या कादंबरीवर मालिका निघाली आणि त्या दाढीवाल्या दिग्दर्शकाने माझी तीन पानं गिळली. साधीसुधी पानं नव्हेत ती. एक बाई बोळाच्या टोकाला बंद दारासमोर उभी आहे आणि तिच्या मनात काय काय येतं, त्याची तीन पानं. तीस वर्षं वाचक मला त्याच पानांबद्दल पत्रं लिहितात. ह्या गृहस्थाने त्या जागी काय ठेवलं? चाळीस सेकंद नुसतं दार! ना संवाद, ना संगीत. शेवटी कॅमेरा बाईच्या चेहऱ्यावर जातो, परत येतो, तर दार उघडं. संपला भाग. मी त्याला फोनवर असं झापलं की त्याने नंतर आठवडाभर माझा फोनच उचलला नाही.

भुताची गोष्ट पडद्यावर नेली की भूत मरतं, हे मी आयुष्यभर ठणकावून सांगत आलेय. पण खरं सांगू? तो राग वरवरचा होता. दुखणं घरात होतं.

आमचे हे लिफ्ट तपासायचे. लोकांच्या लिफ्टमधले दोष काढण्यात हयात गेली आणि घरी आले की माझे. माझ्या अकराही कादंबऱ्यांचे पहिले वाचक हेच. समासात लिहायचे, "इथे मला डुलकी लागली." मी चवताळून उठायची, भांडायची, आणि मुकाट्याने ते पान पुन्हा लिहायची. दोन वर्षांपूर्वी ह्यांची दृष्टी गेली. तेव्हापासून मी वाचून दाखवते आणि हे म्हणतात, "छान आहे." पहिलं प्रकरण छान आहे. दुसरं छान आहे. एकदा मुद्दाम दुसरंच प्रकरण तिसरं म्हणून पुन्हा वाचलं, तर तेही छान! त्या दिवशी मी बाराव्या कादंबरीचे कागद कपाटात कोंबले. ह्यांना भीती वाटली की नाही यावरच मी आजवर लिहीत आले. आता कशावर लिहू?

अशात एका मुलीचा फोन आला. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी, पडद्यावर काय चाललंय ते संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत बोलून सांगायचं, हे तिचं काम. मी मनातल्या मनात तिचं नाव वर्णनवाली ठेवलं.

"काकू, तिसऱ्या भागातल्या त्या दारापाशी माझी गाडी अडलीय," ती म्हणाली. "दार उघडलं असं सांगितलं की भीती गेली. गप्प बसले तर ऐकणाऱ्याला वाटणार टीव्ही बंद पडला. काकांना दिसत नाही असं कळलं. त्यांना घेऊन याल?"

"ते नाही यायचे."

"त्यांना फोन द्या ना."

ती काय बोलली कोण जाणे, दहा मिनिटांत हे बूट घालून दारात उभे. रिक्षात विचारलं तर म्हणाले, "तिला चुका सापडत नाहीयेत म्हणे. काढून द्यायच्यात."

तिची खोली म्हणजे भिंतींना स्पंज लावलेली खुराड्याएवढी जागा. एक पडदा, एक माईक, तीन खुर्च्या. तिने दृश्य लावलं आणि स्वतः माईकवर बोलली, "ती दाराकडे बघत उभी आहे. आता दार उघडं आहे."

"छान आहे," हे म्हणाले.

आलं इथेही छान! मी अशा वेळी गप्प बसते. ह्यांना दुखवायला नको, एवढंच दोन वर्षं मनात धरून बसलेय. पण वर्णनवाली कुठली ऐकायला!

"छान म्हणजे काय काका? भीती वाटली का?"

हे खुर्चीत चुळबुळले. "नाही."

"मग असं सांगा की सरळ!"

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिने पुन्हा दृश्य लावलं. या वेळी दाराचा रंग, कडी, भिंतीवरची सावली, बाईच्या कपाळावरचा घाम, सगळं सांगितलं.

"केवढी बडबड!" हे एकदम ओरडले. "घाबरायला उसंत तरी दे ना बाई! दार बंद आहे, एवढंच सांग. मग थांब. पुन्हा तेच सांग. लोकांना सवय होऊ दे. आणि तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली की सांगूच नकोस."

वर्णनवालीचे डोळे चमकले. मी का कोण जाणे, डोळे मिटून घेतले.

"दार बंद आहे," तिचा आवाज आला. मग शांतता. बाईचा श्वास तेवढा ऐकू येत होता. "दार बंद आहे." पुन्हा शांतता. मी वाट बघू लागले. आता म्हणेल. आता म्हणेल. ती म्हणेना. बाईचा श्वास थांबला आणि तरी ती म्हणेना. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. माझीच कादंबरी, मीच लिहिलेलं दार, आणि मी शेजारी हात लांबवला तर ह्यांचा हात आधीच माझा हात शोधत होता. गार पडला होता.

"बापरे," हे म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "तुझ्या त्या तीन पानांत मला कधी भीती वाटली नव्हती हं."

"काय?"

"बाई दारासमोर उभी राहून किती विचार करते! मला वाटायचं, उघड एकदाचं आणि मोकळी हो."

"तीस वर्षांनी सांगताय?"

"लग्नाला वर्षच झालं होतं. मला घरात राहायचं होतं."

वर्णनवाली खो खो हसत सुटली. मीही हसले. बाहेर आल्याआल्या त्या दाढीवाल्याला फोन लावला. नशिबाने उचलला. म्हटलं, "तुमचं दार बरोबर होतं, माझी पानं लांबली होती. उपकार झाले." त्याने दोनदा विचारलं, "नक्की तुम्हीच बोलताय ना?"

घरी आल्यावर हे म्हणाले, "ते कपाटातलं काढ."

"ते तर छान आहे ना?" मी टोमणा मारलाच.

ह्यांनी चाचपडत खुर्ची ओढली. "मी ऐकतच नव्हतो गं. तू वाचायला बसलीस की मला दिसत नाही एवढंच डोक्यात यायचं. छान म्हटलं की तू थांबायचीस."

कागद आणले, चष्मा लावला, वाचायला लागले. दुसऱ्याच वाक्याला ह्यांनी हात वर केला.

"ही बाई जिना चढतेय की उतरतेय?"

"चढतेय. लिहिलंय तसं."

"पाच मजले? आणि वर पोचल्याबरोबर एवढं लांबलचक बोलते? तिला दम नाही लागत?"

मला इतका राग आला, इतका राग आला, की मी ह्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले.

"रडशील मग," हे म्हणाले. "आधी तिला दम लागू दे."