सात मिनिटांचा थांबा

चाचणीची गाडी तिसऱ्यांदा दोन तासांऐवजी दोन तास पाच मिनिटांत पोचली, तेव्हा वेळापत्रकवाल्याने हातातला कागद टेबलावर आपटला.

दोन शहरांमधल्या या नव्या वेगवान गाडीला वाटेत एकच थांबा होता, त्याच्या ताईच्या गावाचा. तीन वर्षांपूर्वी त्यानेच तो बसवला आणि त्याला दोन मिनिटं धरली. जुन्या रखडगाड्यांना तेवढीच धरत. पण ताशी अडीचशेच्या वेगाने धावणारी गाडी थांबवायची म्हणजे कितीतरी आधीपासून वेग उतरवायचा आणि नंतर पुन्हा चढवायचा. सगळं मिळून सात मिनिटं जात. शाळकरी पोराच्याही ध्यानात यावी अशी चूक, आणि ती केली कोणी, तर ज्याने उभ्या जन्मात दुसरं काही केलं नाही त्याने!

त्या दोन मिनिटांच्या भरवशावर त्याने ताईला घर सोडायला लावलं होतं. रूळ नेमके तिच्या स्वयंपाकघरातून जाणार होते. "सही कर गं, भाऊजींना शहरात डायलिसिसला चाळीस मिनिटांत नेशील," असं म्हणाला होता. भाऊजी आठवड्यातून तीनदा बसने चार-चार तास धक्के खात होते. ताईने मुकाट्याने सही केली.

"साहेब, दोन तास पाच मिनिटं जाहीर करा. कोणाचं काय बिघडतं?"

"डब्यांवर 'दोन तासांत' असं रंगवून झालंय. आकडा तुमचाच होता, विसरलात?" साहेबांनी मानही वर केली नाही. "थांबा काढा."

तीन दिवस त्याने डोकेफोड केली. वळणं, पूल, चढ, सगळं चाळलं. जेमतेम चाळीस सेकंद निघाले. तो साहेबांवर चिडला, रंगाऱ्यांवर चिडला, आणि स्वतःचा तर त्याला इतका संताप आला की जेवण जाईना. शेवटी थांबा रद्द करण्याच्या कागदावर सही त्यालाच करावी लागली.

त्याने ताईला फोन लावला.

"ताई, थांबा रद्द झाला. चूक माझी आहे."



"म्हणजे गाडी आमच्या घरावरून जाणार, आणि आम्ही बसनंच?"

"हो."

"हे रोज विचारतात रे, कधी सुरू होणार म्हणून." मग तिने विचारलं, "नव्या घराच्या खिडकीतून दिसेल तरी ना? किती वेळ?"

"तीन सेकंद," सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं.

पलीकडे ताईने फोन बाजूला धरला.

"अहो," ती भाऊजींना सांगत होती, "गाडी दिसेल म्हणतोय."