तोकिवा वकिलाचा आवाज

आमच्या ह्यांना आरडाओरड्याचा मनस्वी तिटकारा. लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, आणि मी चढवला तर ते उठून गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला जायचे. भांडायला माणूस समोर तरी हवा ना! आणि अशा माणसाची आरोळी अख्ख्या जपानला पाठ व्हावी, ह्याला काय म्हणायचं?

ओसाकातल्या एका लहानशा व्हिडिओ गेमच्या कंपनीत हे चित्रकार होते. कोर्टाचा एक गेम बनत होता. त्यातला तोकिवा नावाचा तरणा वकील साक्षीदारांच्या बोलण्यातली विसंगती पकडायचा, आणि पकडली की हात रोखून ओरडायचा, "खोटं!" ह्यांचं काम कोर्टाची लाकडी बाकं रंगवायचं. पण आवाजासाठी नट आणायला कंपनीकडे पैसा कुठला? मग मालकानं अडगळीच्या खोलीत रजया टांगल्या आणि एकेका कर्मचाऱ्याला आत उभं करून ओरडायला लावलं. बाकीच्यांना हसू आवरेना. हे तेवढे हसले नाहीत. सर्दीनं बेजार होते, कधी एकदा संपतंय असं झालं होतं. म्हणून जीव खाऊन ओरडले, आणि शेवटी आवाज चिरकला. मालक म्हणाला, "बस्स, हाच!"

ही हकीकत मला पुढे त्यांच्या मित्राकडून कळली. घरात ह्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

तो गेम तुफान चालला. हे पुढच्या भागाच्या कामाला जुंपलेले, पहाटे जायचे, शेवटच्या गाडीनं यायचे. मी आमच्या तान्ह्या लेकीला, चिहारूला, पाठीशी बांधून बाजारात जायची. एकदा टोफूवाल्यापुढे उभी होते, तेवढ्यात मागून ह्यांचा आवाज आला, "खोटं!" दचकून वळले, तर शाळेचं दप्तर पाठीला असलेला एक पोरगा हातातल्या गेमवर वाकलेला. मग रोजचंच झालं. माशाच्या दुकानाशी, सायकलींच्या स्टँडपाशी, देवळाच्या पायऱ्यांवर, सगळीकडे पोरं आणि त्यांच्या हातात माझा नवरा. टोफूवाला चिडवायचा, "वहिनी, कुरेबायाशीसाहेब घरी नसतात म्हणता, पण गल्लीत तर दिवसभर ओरडत असतात!" मी वरवर फणकारायची. आतून मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? त्या दिवसांत मी मुद्दाम लांबच्या वाटेनं घरी यायची.

गेल्या वर्षी ह्यांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं.

दवाखान्यात गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र मिळालं. दाढीच्या मशीनएवढं, आणि आवाजही थेट तसलाच. ह्यांनी ते एकदाच लावून पाहिलं, "आ" म्हटलं, आणि खाली ठेवलं. मग चिहारूच्या मुलाची खेळण्यातली पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, "हा आवाज माझा नाही. हा माणूस मी नव्हे." तेव्हापासून यंत्र कपाटात आणि पाटी हातात. जेवण वाढलं की पाटी. मी काही विचारलं की पाटी. मी स्वयंपाकघरातून हाक मारावी आणि उत्तर वाचायला हात पुसत बाहेर यावं! मी समजावलं, चिडले, दोन दिवस अबोला धरला. आधीच न बोलणाऱ्या माणसाशी अबोला धरणारी बाई मीच. मला त्यांचा जुना आवाज परत नको होता, तो येणार नाही एवढी अक्कल मला आहे. मला फक्त त्यांनी बोलायला हवं होतं. कसंही.

अशात त्या गेमवर सिनेमा आला. खरी माणसं, खरं कोर्ट. तिकिटं चिहारूनं आणली.

"आई, हा ओरडायचा खेळ आहे हं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"आपल्याकडे थिएटरात कोणी खोकत पण नाही ना? ह्या खेळाला मुद्दाम ओरडायला परवानगी असते. टाळ्या वाजवायच्या, दिवे हलवायचे."

"ह्यांना तिथे नेणार? ओरडायच्या खेळाला? तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

ह्यांनी पाटी वर केली. "जाऊ या. बाकं बघायची आहेत."

ओसाकाच्या उमेदा भागातलं ते थिएटर खच्चून भरलं होतं. बहुतेक जण चाळिशीकडे झुकलेले, निळा कोट घालून, केसांना खळ लावल्यासारखे ताठ करून आलेले. पडद्यावरच्या नटाचे केसही तसेच. असल्या डोक्याच्या वकिलाला कोर्टात कोण उभं करील, मला समजेना, पण ह्यांना मात्र बाकं पसंत पडलेली दिसली. सिनेमा रंगला. साक्षीदार बाई बोलता बोलता फसली, तोकिवानं मान वर केली, क्षणभर शांतता झाली.

नटानं तोंड उघडायच्या आत सगळं थिएटर ओरडलं, "खोटं!"

आणि शेवटी सगळ्यांचा आवाज चिरकला. एकूण एकाचा. माझ्या शेजारची पोरगी, पुढचा टकलू, मागचं जोडपं, सगळे त्या सर्दीतल्या आवाजात ओरडले. त्यांनी तो शब्द तसाच ऐकला होता, दुसऱ्या कोणत्या तऱ्हेनं ओरडतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. नटाचा कमावलेला आवाज त्यात कुठल्या कुठे बुडाला. मी ह्यांचा आवाज विसरत चालले होते. रात्री पडल्या पडल्या आठवून बघायची, तर नुसते शब्द आठवायचे, आवाज यायचा नाही. घरातला जुना गेम लावायची माझी हिंमत झाली नव्हती. तो आवाज आता असा चहूबाजूंनी आला, आणि मी चिहारूच्या खांद्यात तोंड खुपसून ढसाढसा रडले.

खेळ सुटल्यावर चिहारू मुलाला आणायला गेली. आम्ही दोघं आमच्या नेहमीच्या ओकोनोमियाकीच्या दुकानात शिरलो. मालकीणबाईंनी टेबलातला तवा तापवला, कोबीचं मिश्रण आणून ठेवलं, आणि मी ते तव्यावर पसरलं. धिरडं घालायचं मी आणि उलटायचं ह्यांनी, असा आमचा रिवाज.

"तुमच्यासारखा नाही हो ओरडत तो मेला नट," मी म्हणाले. "त्याचा तोकिवा मला तोकिवा वाटलाच नाही."

ह्यांनी पाटीवर बराच वेळ लिहिलं. "चांगला ओरडला. आवाज वेगळा असला म्हणून काय झालं? माणूस तोच आहे. तोकिवाच आहे."

मी वाचलं. पुन्हा वाचलं. मग उलथणं उचललं, ह्यांच्या नाकासमोर रोखलं, आणि ओरडले, "खोटं!"

सगळं दुकान वळून बघायला लागलं. मालकीणबाईंच्या हातातला पेला हिंदकळला. मला कशाची फिकीर नव्हती.

"साक्षीदार कुरेबायाशी! आवाज बदलला तरी माणूस तोच, ही तुमची आजची साक्ष. लिहून दिलीय, पुसायची नाही! आणि दवाखान्यातून आल्यावर काय लिहिलं होतंत? आवाज माझा नाही, तर माणूस मी नव्हे! त्या चित्रातल्या पोराला एक न्याय आणि माझ्या नवऱ्याला दुसरा?"

मी पर्समध्ये हात घातला आणि ते यंत्र सॉसच्या बरणीशेजारी आपटलं. महिनोन् महिने मी ते कपाटातून काढून जिथं तिथं घेऊन हिंडत होते, त्यांना न सांगता.

"हा पुरावा. आता बोला. त्या आवाजात मला कोणी का भेटेना, चालेल हो, दाढीचं मशीन बोललं तरी चालेल. पण त्या पाटीशी मला संसार करायचा नाही. मी एकटीच बोलतेय घरात, भिंतींशी बोलल्यासारखी. मला भीती वाटते."

एवढं बोलून माझा दम संपला. ह्यांनी पाटीकडे पाहिलं, तव्याकडे पाहिलं. धुराचा वास यायला लागला होता. उलथणं माझ्या हातात होतं, पण दुसरं त्यांच्या कोपराशीच पडलेलं होतं. त्यांनी ते घेतलं नाही. पाटी बाजूला सारली, यंत्र उचललं, गळ्यावर जागा चाचपली आणि टेकवलं. आधी नुसतीच घरघर झाली. पलीकडच्या टेबलावरची पोरं माना लांब करून बघायला लागली. ह्यांचे कान लाल झाले होते.

"अगं," ते म्हणाले, "करपतंय."

सपाट, चढउतार नसलेला, यंत्राचा आवाज. मालकीणबाई धावत आल्या आणि धिरडं उचलायला वाकल्या. मी बाईंचा हात धरला.

"करपू दे," मी ह्यांना म्हणाले. "अजून बोला."