तिसरं कोटेशन

एकतीस वर्षं मी कारखान्याच्या खरेदी खात्यात काढली. तीन कोटेशनं हातात आल्याशिवाय साधा झाडूसुद्धा घेतला नाही. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. मिक्सर, पडद्यांचं कापड, चष्म्याची फ्रेम, सगळ्यांचे तुलनात्मक तक्ते माझ्या फायलीत आहेत. बायको म्हणायची, "लग्नाच्या वेळी तेवढी एकच मुलगी पाहिलीत. तीन कोटेशनं मागवली असतीत तर मी तरी सुटले असते!" मी हसायचो. खरं सांगायचं तर मला ते कौतुकच वाटायचं.

तिची थोरली बहीण परदेशात, मुलाकडे राहते. ताई हिच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे हिच्या वेण्या घालण्यापासून हिला शाळेत सोडण्यापर्यंत सगळं ताईनंच केलं. रोज संध्याकाळी दोघींचा व्हिडिओ कॉल ठरलेला. मग ताईच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायचं ठरवलं. जीव वाचणार होता, आवाज जाणार होता. ऑपरेशन दोन आठवड्यांनी, सोमवारी.

बायकोला एवढंच हवं होतं की ताईशी एकदा तासभर निवांत बोलावं आणि ते रेकॉर्ड करून ठेवावं. ताई "चिंगे" अशी हाक मारते ती, तिचं खो खो हसणं, आईच्या आठवणी. आई हिला आठवतच नाही. जी काही आई हिच्याकडे आहे ती ताईच्या तोंडून ऐकलेली.

पण आमचं इंटरनेट जुन्या टेलिफोनच्या तारेवरचं. दर चार मिनिटांनी राउटरचा दिवा लाल व्हायचा आणि ताई तोंड उघडं ठेवून जागच्या जागी थिजायची. तक्रार केली की एक मुलगी गोड आवाजात "बंद करून परत चालू करा" म्हणायची. मी इतक्यांदा बंद-चालू केलं की बटण ढिलं झालं. साधा फोनही करून पाहिला. पण ताईचा आवाज आधीच बसलेला. ओठ दिसले नाहीत तर निम्मं कळायचं नाही.

"अहो, दुसरं काहीतरी घेऊन टाका," बायको म्हणाली. "कुठलंही."

कुठलंही! हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. मी कागद घेतला, रकाने आखले. वेग किती, वीज गेली तर काय, तक्रारीला माणूस किती दिवसांत येतो. पहिलं कोटेशन फायबरचं. केबल गल्लीच्या तोंडापर्यंत आलेली, घरापर्यंत आणायला दोन दिवस. दुसरं, सिमकार्डावर चालणारा डबा. स्वयंपाकघराच्या खिडकीत मोबाइलला रेंज येते, घरात बाकी कुठेच नाही. आमच्या मोबाइलवर तिथे निरोप येतात, व्हिडिओ अडकतो; पण मोठ्या अँटेनाचा हा डबा तिथे ठेवला तर चालेल, असं दुकानदार म्हणाला.

"काका, आत्ता घेऊन जा. नाही चालला तर परवा परत आणा. काही देऊ नका मला."

"मला अजून एक कोटेशन यायचंय," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे जसं पाहिलं, ते आजही आठवतं.

तिसरं होतं गच्चीवर बसवायच्या तबकडीचं. थेट उपग्रहावरून. तो माणूस गच्चीवरून आभाळ किती मोकळं दिसतं ते पाहायला येणार होता. मंगळवारी येतो म्हणाला, आला नाही. मग शनिवार. मग पुढचा गुरुवार.

मधे एकदा बायको म्हणाली, "शेजारच्या वहिनी म्हणतात, त्यांच्याकडे बसून बोला. त्यांची लाइन चांगली आहे."

"लोकांच्या दिवाणखान्यात बसून रडणार आहेस का? थांब जरा. ऑपरेशन सोमवारी आहे ना? शुक्रवारी लाइन घेऊ, रविवारी तासभर काय, दिवसभर बोल."

ती थांबली. माझ्या शब्दावर थांबली, हे मला लिहितानाही जड जातंय.

गुरुवारी दुपारीच दिवा लाल झाला, तो झालाच. संध्याकाळी तबकडीवाला खरंच आला. आभाळ पुरेसं मोकळं होतं. मी टेबलाशी बसून शेवटचा रकाना भरला. पंख्यानं कागद उडत होता, म्हणून त्यावर माझा मोबाइल ठेवला. बायकोचा आतल्या खोलीत चार्जिंगला होता. तिन्ही कोटेशनं समोर होती, निवड फायबरची. निष्कर्षाखाली मी सहीसुद्धा केली. घरात सही कोणासाठी करतो, देव जाणे.

शुक्रवारी सकाळी चहा ठेवायला बायको स्वयंपाकघरात गेली. फोन तिच्या हातात होता. खिडकीपाशी तो एकापाठोपाठ एक वाजायला लागला. सगळे भाच्याचे निरोप. दुसऱ्या एका पेशंटचं ऑपरेशन रद्द झालं होतं, म्हणून ताईला आधी घेत होते. "मावशी, आई तुझ्याशी बोलायला थांबलीय." मग, "मावशी, फोन लागत नाहीये." मग, "काकांचाही लागत नाही." मग, "आईला आत नेलं."

बायकोनं ते सगळं वाचलं. मग गॅस बंद केला आणि स्टुलावर बसली. मी काहीतरी बोलायला गेलो. तिनं हात वर केला, तेवढंच.

तुटलेल्या कॉलचे काही तुकडे तिनं आधी रेकॉर्ड केले होते. आम्ही ते लावून पाहिले. नऊ तुकडे होते. नऊच्या नऊ तुकड्यांत ताई म्हणतेय, "हॅलो, ऐकू येतंय का गं? हॅलो?"

फायबर रविवारी बसलं. दहा दिवसांनी ताईला उठून बसता यायला लागलं, तेव्हा भाच्यानं कॉल लावला. चित्र इतकं स्वच्छ की तिच्या गळ्यावरच्या पट्टीचे धागे दिसत होते. ताईनं हात हलवला. ओठ हलवले. बायको बोलत राहिली. गच्चीतली झाडं, गुडघे, शेजारच्या वहिनींचा मुलगा. ताई हसली, तेव्हा फक्त खांदे हलले.

बायकोनं आवाज पूर्ण मोठा केला. वॉर्डातली ट्रॉलीची चाकं ऐकू आली, कुणीतरी खोकलेलं ऐकू आलं, ताईच्या नळीतून जाणारा-येणारा श्वास ऐकू आला. तासभर कॉल एकदाही तुटला नाही.

शेवटी ताईनं पाटीवर काहीतरी लिहून दाखवलं. 'लाइन किती छान झाली!'

"हो गं," बायको म्हणाली. "यांनी बघून घेतली." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी शोधला, खरंच नव्हता. मी उठून बाथरूममध्ये गेलो आणि नळ मोठा सोडला.